पाचशेच्या खोक्यातले साडेतीनशे

त्या वर्षी कपाशी बाहेरून इतकी चांगली दिसत होती की वाईट बोलायला कोणी धजत नव्हतं. झाडं छातीभर, बोंडं भरलेली. पण फुलं उमलत नव्हती. पाकळ्यांची टोकं मिटलेलीच राहायची, गुलाबाच्या कळीसारखी. तिला डोमकळी म्हणतात. ती उघडली की आत गुलाबी अळी सापडायची. आमच्या स्वतःच्या वावरातली वीस हिरवी बोंडं मी एका रविवारी घरी आणली, ओट्यावर ओळीने मांडली आणि विळीने कापली. सतरा आतून खाल्लेली होती. बाहेरून एकावरही डाग नव्हता. मी आकडा वहीत लिहिला. लिहून ठेवलं की गोष्ट आटोक्यात येते, असं मला तेव्हा वाटायचं.

धामणगाव बढेच्या बाजारओळीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि दुरुस्ती. दुरुस्तीसाठी वेगळी वही होती. प्रत्येक मशीनला एक पान: कोणाचं, तक्रार काय, सोबत चार्जर आहे का, पिशवी आहे का. वहीच्या पहिल्या पानावर पाच प्रश्न लिहिलेले होते. मशीन उघडण्याआधी ते गिऱ्हाइकाला विचारायचे, असा माझा मीच केलेला नियम. तिसरा प्रश्न असा होता: यात आधी काय होतं, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे?

नुकसानीचे पंचनामे सुरू झाले तेव्हा दुकानात सातबारा काढायला गर्दी झाली. त्या गर्दीत रोहिणखेडचे चाचा आले. त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. अर्ध्या पंचक्रोशीचे शाळेचे गणवेश त्यांच्या हातचे. नजर कमी झाली तशी त्यांनी मशीन विकली आणि तीन एकरांवर आले. त्यांच्या हातात एक दगडी पाटी होती.

"बेटी, यावर माह्या गटाचा नंबर लिहून दे. मोठा लिही. माह्या हातचा साहेबाले वाचता नाही यायचा."

पंचनाम्याची रीत अशी होती की शेतकऱ्याने आपल्या वावरात उभं राहायचं, छातीशी पाटी धरायची, पाटीवर गट नंबर आणि कृषी सहायकाने फोटो काढायचा. कपाशी सगळ्यांची सारखीच दिसते. वावर कोणाचं ते पाटीवरूनच कळणार. मी सातबाऱ्यावरून पाहून खडूने ठळक लिहिलं: गट नंबर १६३. खाली त्यांचं नाव, त्याखाली गावाचं. चाचांनी पाटी लांब धरून पाहिली.

"टोपी नवी घालू का जुनी?"

"नवी घाला. फोटो वरपर्यंत जाणार आहे."

"मंग दाढी बी करून घेतो जराशी. वरच्या साहेबाले वाटलं पाहिजे, अळीनं वावर खाल्लं, माणूस नाही खाल्ला."

गर्दीतले दोघे-तिघे हसले. पैसे देताना मात्र ते हळू आवाजात म्हणाले, "या यादीत नाव आलं त पुढच्या सालचं वावर मी पेरीन. नाही आलं त बटईनं द्या लागन. दुसरं काही नाही माह्यापाशी." बटई म्हणजे वावर दुसऱ्याने कसायचं आणि पिकात वाटा द्यायचा. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या मापाचे कपडे शिवले, त्याला म्हातारपणी स्वतःचं असं ते एवढंच होतं.

कृषी सहायक तेव्हा एक वयस्कर गृहस्थ होते, फार टापटिपीचे. फोटो काढून झाला की ते प्रत्येकाला सांगायचे: आता ही कपाशीची पऱ्हाटी ठेवू नका, उपटा, जाळा. अळी पुढच्या वर्षाला इथेच थांबेल. सांगणं बरोबरच होतं. रोहिणखेडच्या सत्तेचाळीस जणांचे फोटो त्यांनी काढले आणि सत्तेचाळीस जणांना हे सांगितलं. फरदडीची, म्हणजे वेचणी संपल्यावर मागाहून येणारी, चार बोंडं तरी मिळतील म्हणून बाकीच्यांनी कपाशी थोडीफार उभी ठेवली. पूर्ण वावर उपटून, जाळून, नांगरून त्यात लगेच हरभरा पेरणारे चाचा एकटे. चौकात त्यांना लोक चिडवायचे, "चाचा, साहेब तुमच्यापाशी हजेरी घ्यायले येऊन राह्यले का?" चाचा म्हणायचे, "अरे, तुमच्या वावरातली अळी माह्याकडं येईन, त तिले राहाले जागा काऊन ठेवू? मी जागाच नाही ठेवली."

तीन आठवड्यांत त्या सहायकांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले नवे साहेब चाळिशीचे, घाईत असलेले. एका सोमवारी ते सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर उभे होते. हातात एक खोकं होतं, त्यात खिशात मावेल एवढी हार्ड डिस्क.

"मॅडम, हे बघा. खोक्यावर पाचशे जीबी लिहिलंय. कॉम्प्युटरला लावली की साडेतीनशेही पूर्ण दाखवत नाही. माल बोगस आहे का?"

बोगस हा त्या काळात आमच्याकडचा पहिला प्रश्न होता. बियाण्याची पिशवी हातात आली की लोक शिवण पाहायचे, रंग पाहायचे, छापलेलं नाव नखाने खरवडून पाहायचे. मीही डिस्क उलटीपालटी करून तेच पाहिलं. नवी कोरी दिसत होती. वरचं पातळ प्लास्टिक जागच्या जागी, खोक्यातला खाचा पाडलेला कागदी साचा जागच्या जागी, केबलला बारीक तारेचा पीळसुद्धा तसाच.

"वापरली आहे का कोणी?" मी विचारलं. तिसऱ्या प्रश्नाची ही माझी आखूड आवृत्ती.

"नवीच आहे. चार्ज घेताना सामानात मिळाली. बुलढाण्याहून आणलेली दिसते. प्लास्टिकही निघालेलं नाही, बघा ना."

मी बघितलं. आणि वहीत लिहिलं: नवी, न वापरलेली.

हे लिहिताना माझा डावा हात ज्या कीबोर्डवर होता त्यावर चार वर्षांचं प्लास्टिक होतं. घरच्या टीव्हीच्या रिमोटवर होतं. शेजारच्या ट्रॅक्टरच्या सीटवर पहिल्या दिवसाचं प्लास्टिक फाटून चिंध्या झाल्या होत्या, तरी काढलेलं नव्हतं. आमच्याकडे वस्तू जुनी होते, वरचं प्लास्टिक निघत नाही. जपणारा माणूस तर वापर झाला की खोक्यात परत ठेवतो, तारेचा पीळ घालून. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी बोगस की खरं, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते.

उत्तर मी व्यवस्थित दिलं. डिस्क जोडली, आकडे कागदावर मांडले. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने मोजतो, त्यामुळे पाचशेचे चारशे पासष्टच दिसतात. ते कुठे जात नाहीत, मापच वेगळं. तेव्हा पस्तीसचा हिशेब लागला. दिसतात तीनशे एकोणपन्नास. उरले एकशे सोळा. ते कुठे आहेत ते पाहायला मी डिस्कची आतली वाटणी उघडली. पडद्यावर दोन पट्टे आले. मागचा तीनशे एकोणपन्नासचा, नीट, रिकामा. पुढचा एकशे सोळाचा. त्याला नाव नाही, अक्षर नाही, फक्त 'रॉ' असं लिहिलेलं.

साहेब हसले. "बीटीच्या पिशवीत लहान पुडी येते तसं दिसतंय. साध्या बियाण्याची, अळीला बीटी पचायला लागू नये म्हणून कडेने लावायची ती. कंपनीने बाजूला काढून ठेवलं."

"ती पुडी आमच्याकडे कोणी लावत नाही," मी म्हणाले. "कडेची जागा वाया जाते म्हणतात."

'रॉ'चे दोन अर्थ होतात. एक, इथे कधी काही लिहिलंच गेलं नाही. दोन, लिहिलेलं आहे, पण कॉम्प्युटरला आता वाचता येत नाही. कोणी चालू असताना केबल ओढली किंवा लाइट गेली की असं होतं. कोणता अर्थ खरा ते पाहायला वीस मिनिटं लागतात. बाहेर सातबाऱ्यासाठी अकरा माणसं उभी होती आणि साडेदहाला लाइट जायची होती. मी पहिला अर्थ धरला. दोन्ही पट्टे पुसले, एकच सलग पट्टा केला, फॉरमॅट मारला. चारशे पासष्ट. साहेब खूश झाले. त्यांनी फोनमधले मागच्या आठवड्याचे फोटो तिथेच डिस्कवर चढवले आणि डिस्क खोक्यात घालून गेले. मी पानावर 'पूर्ण' लिहून खाली रेघ मारली.

बुधवारी दुपारी ते परत आले. या वेळी पायरीवर थांबले नाहीत. सरळ आत येऊन खुर्चीवर बसले.

"जुन्या साहेबांना फोन केला होता. रोहिणखेडच्या पंचनाम्याचे फोटो कुठे ठेवले म्हणून. कागद सगळे आहेत, सह्या आहेत, फोटो नाहीत. ते म्हणाले, डिस्कमध्ये आहेत. पुढचा भाग फक्त त्यासाठीच केला होता. कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून दुसऱ्या गावाला वापरलं."

मी वही उघडून सोमवारचं पान पाहिलं. 'नवी, न वापरलेली' हे माझंच अक्षर होतं, ठळक, नीट.

"अपलोडची मुदत शनिवारपर्यंत आहे," साहेब म्हणाले.

नंतर काय केलं ते क्रमाने सांगते, कारण तेव्हाही मी क्रमच धरून बसले होते. डिस्क त्यांच्याकडून काढून घेतली आणि आणखी एक अक्षरही तिच्यावर लिहू नका म्हणून सांगितलं. पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्राम माझ्याकडे होता, तो गुरुवारी सकाळी सातला लावला. इन्व्हर्टरची बॅटरी शेजारच्या दवाखान्यातूनही एक मागून आणली. दुकानाच्या दारावर 'आज अर्ज बंद' असा कागद चिकटवला. पडद्यावर एक आकडा हळूहळू वाढत होता. बाहेर माणसं येऊन कागद वाचून जात होती. ओळीत कोणी जोराने बोलत नव्हतं. त्या हिवाळ्यात बाजारओळच तशी झाली होती. कापूस घेऊन येणाऱ्या गाड्यांचा आवाजच नव्हता.

अकराच्या सुमारास फोटो यायला लागले. नावं गेलेली, सगळ्यांना नुसते नंबर. मी एकेक उघडून पाटी वाचायची आणि सत्तेचाळीसच्या यादीत खूण करायची. बायका लुगड्याचा पदर नीट करून उभ्या. एक म्हातारा पाटी उलटी धरून. एक जण लग्नातला कोट घालून वाळक्या पऱ्हाटीत. सगळ्यांच्या मागे तीच कपाशी, तीच अर्धवट फुटलेली, कापूस आतच चिकटून कवडी झालेली बोंडं. संध्याकाळी पाचला प्रोग्राम थांबला तेव्हा बेचाळीस खुणा झाल्या होत्या. पाच फोटोंवर सोमवारचे नवे फोटो बसले होते. माझ्याच दुकानात, माझ्याच टेबलावर चढवलेले.

पाचांपैकी चौघांची कपाशी उभी होती. साहेबांनी शुक्रवारी सकाळी जाऊन त्यांना पुन्हा पाटी घेऊन उभं केलं. पाचवा गट १६३.

त्याचा फोटो अर्धा सापडला होता. फोटो वरून खाली लिहिला जातो, त्यामुळे जिथपर्यंत वाचला तिथपर्यंत स्वच्छ आणि त्याखाली सपाट राखाडी. वर आभाळ, बांधावरचं लिंबाचं झाड, नवी पांढरी टोपी, नीट कातरलेली दाढी. डोळे थोडे मिचकावलेले, उन्हामुळे. गळ्याच्या गुंडीपर्यंत चाचा होते. त्याखाली काही नव्हतं. पाटी छातीशी होती.

मी चाचांना बोलावून घेतलं. खुर्ची दिली. काय झालं, कोणामुळे झालं, ते सरळ सांगितलं. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं.

"तोंड त चांगलं आलं," ते म्हणाले.

"चाचा, पाटी नाही आली."

"तोंड आहे ना? साऱ्या तालुक्यात हे तोंड कोणाले माईत नाही, सांग. मंग काऊन नाही चालत?"

"वर तालुका नाही पाहत. नंबर पाहतात."

"हाव. मंग नंबरचाच फोटो काढाले पायजे होता. मले उगीच टोपी घालाले लावली तू."

साहेब शुक्रवारी दुपारी त्यांच्यासोबत वावरात गेले. मीही गेले. हरभरा वीतभर आला होता, हिरवागार, सगळ्या शिवारात तेवढाच हिरवा तुकडा. बाकी चौफेर काळपट पऱ्हाट्या उभ्या होत्या, त्यांत वारा शिरला की वाळलेल्या बोंडांचा खुळखुळ आवाज यायचा. साहेब मोबाइल हातात धरून उभे राहिले. कशाचा फोटो काढणार? कपाशीचं नुकसान दाखवायचं होतं आणि वावरात कपाशीचं काटूक शिल्लक नव्हतं. बांधाशी राखेचा एक काळा गोल होता. त्यांनी त्याचा एक फोटो काढला, मग स्वतःच तो पुसला.

"मी लिहून देते," मी म्हणाले. "चूक माझी आहे. पाटीवर नंबर मी लिहिला होता, तेही लिहिते."

रात्र पडायच्या आत मी निवेदन टाइप केलं. सहा मुद्दे. डिस्क कधी आली, मी काय समजले, काय केलं, काय सापडलं, कोणता भाग गेला, पाटीवर माझ्या हाताने कोणता नंबर लिहिला. सोबत अर्ध्या फोटोची छापील प्रत, पंचनाम्याच्या कागदाची झेरॉक्स, हरभऱ्याच्या पेऱ्याची नोंद. शनिवारी स्वतः तालुक्याच्या कचेरीत नेऊन दिलं. पोच घेतली. पोच देणाऱ्या माणसाने कागद शेवटपर्यंत वाचला आणि चांगल्या शब्दांत विचारलं, "ताई, पाटीचा फोटो असता तर बरं झालं असतं. नाही का कुठे?"

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली तेव्हा हरभरा काढून झाला होता. मी वहीतली यादी घेऊन गेले आणि बोटाने एकेक नाव जुळवलं. सेहेचाळीस. पुन्हा वरून खाली मोजलं. ज्यांनी पऱ्हाटी ठेवली होती ते सगळे होते. ज्याने सांगितलेलं ऐकलं तो नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या एकाने विचारलं, "तुमचं नाव पाहून राह्यले का ताई?" मी नाही म्हटलं.

चाचा काही बोलायला आले नाहीत. मी वाट पाहत होते. कोणी रागावून बोललं की त्याचं उत्तर देता येतं. दोन महिने ते बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोरून जायचे, हात वर करायचे, पुढे जायचे. मी मधल्या काळात वहीचं पहिलं पान नव्याने लिहिलं. तिसरा प्रश्न पहिला केला. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवरचं प्लास्टिक काढलं. कीबोर्डवरचं निघता निघेना. कडेला डिंकासारखं चिकटून बसलं होतं.

मे संपत आला तेव्हा ते आले. सोबत त्यांच्याच गावचा एक माणूस होता, माझ्या ओळखीचा नसलेला. तो दारातच थांबला. चाचा आत आले.

"बेटी, तो फोटो आहे का अजून?"

"आहे."

"त्यातलं खालचं काळं-निळं काढून टाक. वरचंच ठेव. लहान करून दे, पासपोर्ट करते तसा. दोन दे."

मी फाइल उघडली. राखाडी भाग कापला. गळ्याच्या गुंडीवर रेघ बरोबर आली. आभाळ थोडं कमी केलं, लिंबाचं झाड बाजूला गेलं, टोपी आणि चेहरा मधोमध आला. पासपोर्टला जसा लागतो तसाच, जणू त्यासाठीच काढलेला.

"कशाला लागतो, चाचा?"

त्यांनी दाराकडे मान वळवली. "वावर त्याले दिलं. दोन सालासाठी. तोंडी नको म्हणते तो, लिहून पायजे म्हणते. स्टॅम्पवर फोटो लागते ना दोघायचे." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "इथं तोंड चालते. पाटी नाही मागत कोणी."

स्टॅम्प पेपर त्यांनी सोबतच आणला होता. मी प्रिंटरमधला कागद काढून तो घातला आणि टाइप करायला बसले. लिहून देणार, लिहून घेणार, मुदत, पिकातला वाटा. दारातल्या माणसाला मी विचारलं, यंदा काय पेरणार. तो म्हणाला, कपाशीच, दुसरं काय. पिशव्या आणून ठेवल्या होत्या त्याने. मी कडेने लावायच्या त्या पुडीचं विचारलं. तो हसला.

मग मिळकतीचं वर्णन आलं. गाव, तालुका, क्षेत्र, चतुःसीमा. चाचांनी सातबारा पुढे केला. तो मी घेतला नाही. गट नंबर मी न पाहता लिहिला.